मशीन मोडायचं कुठून, ते आधी ठरतं

गेल्या वैशाखात गावी गेलो होतो. गिरणेच्या काठचं, भडगाव तालुक्यातलं गाव. नाल्याचं खोलीकरण चालू होतं आणि निंबाच्या सावलीत बसून अर्धं गाव जेसीबीचा खेळ बघत होतं. वडिलांचे चुलतभाऊ, आमचे जिभाऊ, त्यांनी सरकून मला जागा दिली आणि विचारलं, "पुनाले तू काय काम करस रे भो?"

"जिभाऊ, मी अशा मशीनचं डिझाइन करतो."

त्यांनी मशीनकडे नीट निरखून पाहिलं. "म्हंजे पिवया रंग तू ठरावस?"

सगळे हसले, मीही हसलो. पण खरं काय ते सांगायला गेलो तर जीभ अडखळली. बारा वर्षं जे काम करतोय ते घरच्या माणसाला सांगता येत नसेल तर दोष आपलाच. म्हणून हा लेख. जिभाऊ समोर बसले आहेत असं धरून लिहितो.

आधी नावाचा घोळ मिटवू. जेसीबी हे मशीनचं नाव नाही, कंपनीचं आहे. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज माणसाने 1945 मध्ये अटॉक्सिटर गावातल्या एका छोट्या गॅरेजात ट्रॉली बनवून धंदा सुरू केला, त्याच्या नावाची ही आद्याक्षरं. 1953 मध्ये या कंपनीने पुढे सुपासारखं रुंद बकेट आणि मागे खोदणारा हात असं दोन्ही एकाच ट्रॅक्टरवर बसवलं. अशा मशीनला बॅकहो लोडर म्हणतात. 1979 पासून ते हरियाणातल्या बल्लभगडला बनू लागलं आणि मग डालड्याचं झालं तेच झालं, कंपनी कुठलीही असो, पिवळं दिसलं की जेसीबी. गोल फिरणाऱ्या, साखळीच्या मशीनला आपण पोकलेन म्हणतो, तेही पोक्लेन या फ्रेंच कंपनीचं नाव. त्यांच्या तंत्रज्ञानावर एल अँड टीने ती मशीनं भारतात बनवली आणि नाव मागे राहिलं. मी यातल्या कुणाकडे काम करतो की आणखी तिसऱ्याकडे, ते इथे महत्त्वाचं नाही.

आता कामाचं. या मशीनचा सगळा जोर तेलात असतो. इंजिन डिझेलवर चालतं, पण इंजिनाचा आणि खोदणाऱ्या हाताचा थेट संबंध नाही. इंजिन एक पंप फिरवतं, पंप तेल ढकलतो, तेल जॅकमध्ये शिरतं, जॅकचा दांडा बाहेर येतो आणि हात हलतो. कोंडलेल्या द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोहोचतो, हे पास्कल नावाच्या फ्रेंच माणसाने सतराव्या शतकात मांडलं. त्यावरच हा डोलारा उभा आहे.

दाब म्हणजे किती, हे जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला समजावणं सोपं. केळीच्या ठिबकच्या फिल्टरवर मीटर असतो, त्याचा काटा एक-दीड किलोवर असला की आपण समाधानी. 'किलो' म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर एक किलो वजनाचा दाब. बॅकहोच्या पाईपात हाच काटा अडीचशे किलोच्या घरात जातो. पाण्याच्या उंचीत बोलायचं तर अडीच हजार मीटर उंच पाण्याचा स्तंभ डोक्यावर घेतल्यासारखं. आपलं तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपास, म्हणजे दोन तोरणमाळ एकावर एक ठेवले तरी तो स्तंभ वर उरेल.

आता दहा सेंटिमीटर व्यासाचा जॅक घ्या, जेवणाच्या वाटीएवढा. आतल्या दट्ट्याचं क्षेत्रफळ भरतं साधारण 78 चौरस सेंटिमीटर. गुणिले अडीचशे, म्हणजे साडेएकोणीस टन. वाटीएवढ्या नळकांड्यातून वीस टनांच्या आसपास रेटा! पण हा रेटा फक्त ढकलताना. दांडा आत ओढताना सहा सेंटिमीटर जाडीच्या दांड्याने दट्ट्याची बरीच जागा व्यापलेली असते, तेलाला टेकायला जागा कमी उरते आणि जोर साडेबारा टनांवर येतो. म्हणून बकेटचा जॅक हाताच्या पाठीवर बसवतात. माती ओरबाडताना, म्हणजे जिथे खरी ताकद लागते तिथे, तो ढकलत असतो. बकेट उघडून माती टाकताना ओढत असतो, आणि तिथे जोर कमी असून चालतो. जॅक वर दिसतो, खाली का नसतो, याचं उत्तर इतकं साधं आहे. अशी शेकडो साधी उत्तरं एकमेकांच्या पायात न येता एका मशीनमध्ये बसवायची, हेच डिझायनरचं काम.

बसवताना ओढाताण होते. आपल्याकडे विहिरींचं पाणी उतरलं की काय होतं आठवा. मोटर तीच, पण पाणी खोल गेलं की पाइपातून धार बारीक येते. मोटरची ताकद एकच, ती उंची चढवण्यात गेली तर भरपूर पाणी कुठून येणार? इथेही तसंच. अडीचशे किलो दाबाने मिनिटाला शंभर लिटर तेल ढकलायचं तर हिशेबाने 56 अश्वशक्ती लागते, गळती आणि घर्षण धरलं तर 65 च्या पुढे. बॅकहोचं इंजिन साधारण 75 अश्वशक्तीचं. त्यातूनच पंखा फिरायचा, चाकं चालायची. म्हणजे भरपूर जोर आणि भरपूर वेग एकाच वेळी मिळत नाही. मऊ मातीत ऑपरेटरला वेग हवा, मुरमात जोर. म्हणून आम्ही पंपच असा घेतो, किंवा दोन पंपांची अशी जोडी लावतो, की दाब चढला की तेल आपोआप कमी व्हावं. कुठल्या दाबाला किती कमी, या एका वक्ररेषेवर बैठकांमध्ये भांडणं होतात. मी पाहिली आहेत, केली आहेत.

वीस टनांपैकी मातीपर्यंत किती पोहोचतात? दातांच्या टोकाशी पाच-सहा टन. बाकीचे चोरीला जात नाहीत, ते अंतरात जातात. पहारीने दगड उचकटतो तेव्हा दगडाजवळचा भाग आखूड आणि हाताजवळचा लांब असतो, म्हणून थोड्या बळात दगड हलतो. बकेटचं याच्या उलट. जॅक बिजागरीजवळ ढकलतो आणि दात लांब असतात, म्हणजे जॅक थोडा सरकला तरी दात भरपूर फिरतात, पण जोर घटतो. जॅक आणि बकेट यांच्या मध्ये दोन आडव्या पट्ट्यांची जोडणी असते, तिच्यामुळे हे प्रमाण बकेट फिरेल तसं बदलत राहतं. या पट्ट्या ज्या चार पिनांवर फिरतात त्यांतली एक दहा मिलिमीटर इकडची तिकडे केली की जोराचा कळस कुठे येणार ते बदलतं. माझी नोकरीतली पहिली दोन वर्षं त्या चार पिनांच्या जागा सरकवण्यात गेली. घरी सांगायचो, मोठ्या मशीनवर काम करतो.

आणि माती म्हणजे काही एकच चीज नाही. तापीकाठी नुसता खोल गाळ, त्यात दरडी पडलेल्या. थोडं लांब गेलं की काळी कपाशीची जमीन, जी उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी होते आणि पावसात फुगून बकेटला आतून चिकटून बसते. ऑपरेटर मग बकेट जोरात हापटतो, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तो हापटा आमच्या कागदावर नसतो, पण पिना आणि जॅक त्यालाच जास्त भितात. यावर साधा उपाय म्हणजे बकेटचं तोंड तळापेक्षा किंचित रुंद ठेवायचं, भाकरीच्या पिठाच्या परातीसारखं, म्हणजे माल अडकत नाही. काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली दख्खनचा काळा पाषाण. तिथे बकेट हरतं, ब्रेकर, म्हणजे खडक फोडणारा हातोडा, लावावा लागतो. शिरपूर तालुक्यात 2004 पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद आणि खोल करून बंधाऱ्यांची साखळी उभी राहिली, ती याच थरांमधून. त्याच्या कितीतरी आधी, 1884 च्या सुमारास, तरुण अभियंता विश्वेश्वरय्या धुळ्याला नोकरीला होते आणि पांझरेच्या कालव्यासाठी सायफन बांधत होते, तेव्हा खोदकाम कुदळ-फावड्याचं होतं. कुदळ मोडली तर दांडा बदलायचा, पाते नवं घालायचं. आमचं काम तिथूनच समजतं.

कारण माझ्या मते या धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न 'मशीन मोडू नये म्हणून काय करावं' हा नाहीच. खडकाशी झुंजणारी वस्तू झिजणार, वाकणार, कधीतरी मोडणार. प्रश्न असा, की आधी काय मोडावं? जे स्वस्त आहे, जे गावातल्या दुकानात मिळतं, जे झाडाखाली बसून अर्ध्या तासात बदलता येतं, ते आधी मोडलं पाहिजे. बकेटचे दात सुटे असतात ते यासाठी. दात झिजावा, पण तो ज्यावर बसतो तो खुंटा झिजू नये. खुंटा गेला तरी बकेटचा ओठ शाबूत राहावा. पिन ज्या भोकात फिरते तिथे बुश, म्हणजे पिनेभोवतीची सुटी नळी, असतो. बुश मऊ, पिन कडक, म्हणजे झीज बुशाने सोसायची आणि पिन व हात वाचवायचे. आमच्या नाल्यातल्या मशीनच्या एका दाताची लॉक पिन हरवलेली होती आणि ऑपरेटरने तिथे सळईचा तुकडा वाकवून ठोकला होता. शहरातला एखादा साहेब हे बघून नाक मुरडेल. मला बरं वाटलं. बिघडलेली गोष्ट तुकडाभर सळईवर भागावी इथपर्यंत ती खाली आणून ठेवलेली आहे, हे कुणीतरी कधीकाळी विचार करून केलं होतं.

तेलाकडेही असाच पहिला बळी ठरलेला असतो, फक्त तो मोडत नाही, उघडतो. रिलीफ व्हॉल्व्ह नावाची स्प्रिंगची झडप. दाब ठरलेल्या आकड्यावर गेला की ती उघडून तेल टाकीत सोडून देते. बकेट खडकाला अडकलं की इंजिन गुरगुरतं आणि हात जागेवर थांबतो, तेव्हा हेच चाललेलं असतं. होस पाईप कामाच्या दाबाच्या चौपट दाबापर्यंत फुटू नये असा निवडतात, म्हणजे त्याची पाळी फार उशिरा येते. पण काही मेस्त्री त्या झडपेचा स्क्रू अर्धा फेरा आवळून देतात. मालक खूश, मशीनला नवा जोर आला! आला खरा, पण मोडण्याचा क्रम बिघडला. सहा महिन्यांनी हाताच्या वेल्डिंगला भेग दिसते आणि शिव्या कंपनीला बसतात.

भेगेचं वेगळं सांगायला हवं, कारण तिने माझी झोप घालवलेली आहे. खंदक खोदताना हात मिनिटाला तीन-चार वेळा खाली जातो आणि भरून वर येतो. तासाला दोनशे फेऱ्या धरा. दहा हजार तास मशीन चाललं तर वीस लाख फेऱ्या. एका फेरीत काहीही होत नाही. लोखंड त्याच्या दहापट ओझं सहन करू शकलं असतं असंही नाही, पण एका फेरीला ते दाद देत नाही. तार एका झटक्यात तुटत नाही, पण दोन्ही हातांत धरून उलटसुलट वाकवत राहिलं की मिनिटात तुटते, तसं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जर्मन रेल्वेत ऑगस्ट व्योलर यांनी गाड्यांच्या आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून हे नीट दाखवलं: आस एका भाराने मोडत नाही, थोड्या भाराच्या अगणित फेऱ्यांनी मोडतो. भुसावळच्या यार्डात जुनी माणसं हातोडीने चाकं ठोकून आवाज ऐकत फिरायची, ती याच शत्रूच्या शोधात.

माझी चूक अशी. एका नव्या हाताच्या आत मी ताठपणासाठी एक पट्टी टाकली होती. कॉम्प्युटरवर हाताचे लाखो बारीक तुकडे पाडून प्रत्येकावर किती ताण येतो ते बघतात, त्या चित्रात सगळं हिरवं-निळं होतं. मग खरा हात बनला, चाचणीच्या चौकटीत आवळला आणि जॅकने रात्रंदिवस ओढणं-ढकलणं सुरू झालं. ठरलेल्या फेऱ्यांच्या निम्म्यावरसुद्धा गेलो नव्हतो. सकाळी तपासणारा पोरगा म्हणाला, सर, जरा या. वेल्डिंगवर लाल रंग लावून पुसून घेतात आणि वर पांढरी पूड फवारतात. भेग असेल तर तिच्यात मुरलेला लाल रंग पुडीतून वर येतो. तिथे नखाएवढी लाल रेघ होती, कुंकवाने ओढावी तशी बारीक. माझी पट्टी जिथे संपत होती, बरोबर तिथे.

पहिला विचार आला तो सगळ्यांना येतो तोच: पट्टी जाड करू. आठच्या जागी बारा मिलिमीटर. आमच्या शॉपमधला वयस्कर वेल्डर नुसता मान हलवत राहिला. "साहेब, जाड केली तर अजून लवकर फाटंल. ती तिथं संपते ना, तेच दुखणं हाय." बरोबर होतं त्याचं. पट्टीने तिचा भाग ताठ केला, आणि जिथे ती संपली तिथे ताठ आणि लवचीक यांची एकदम गाठ पडली. सगळं वाकणं त्या एका रेषेवर जमा झालं. वर तिथेच वेल्डिंगचा शेवट. आम्ही पट्टी उलट बारीक केली, टोकाकडे माशाच्या शेपटीसारखी निमुळती, चाळीस मिलिमीटर पुढे नेली आणि वेल्डिंग टोकाशी न थांबवता वळसा घालून मागे आणली. वजन कमी झालं आणि हात टिकला. त्या वेल्डरला नंतर बक्षीस मिळायला हवं होतं. मिळालं नाही.

वजनाचा मुद्दा आलाच आहे तर बकेटच्या मापाचंही सांगून टाकतो. पायली काठोकाठ भरायची की शिगोशीग, यावरून पूर्वी वाद व्हायचे. बकेटच्या मापातही तीच गंमत, म्हणून जागतिक नियम आहेत. मागच्या खोदणाऱ्या बकेटचं माप सांगताना वरची शीग 45 अंशाच्या उताराची धरतात, पुढच्या लोडर बकेटची निम्म्या उताराची. जाहिरातीतला आकडा शिगेचा असतो. शिवाय जमिनीतला एक घनमीटर माल खोदून बाहेर काढला की साधारण सव्वा घनमीटर होतो. आणि ओझं किती उचलायचं? पोकलेनसाठी नियम असा की मशीन जिथे कलंडायला लागेल त्या वजनाच्या 75 टक्के, किंवा जॅकच्या ताकदीच्या 87 टक्के, यांत जे कमी तेच तक्त्यात छापायचं. माणसं पाईप उचलताना तो तक्ता बघत नाहीत, हा वेगळा विषय.

केबिनमध्ये हाच विचार पुन्हा येतो, पण उलट्या रूपात. मशीन उलटलं तर केबिनच्या खांबांनी वाकायचं असतं. अजिबात न वाकणारा खांब एकदम तुटतो. वाकणारा खांब पडण्याचा जोर पोटात घेतो. किती वाकायचं याला मर्यादा एकच: आत बसलेल्या माणसाभोवती एक काल्पनिक पेटी आखलेली असते, तिच्यात कुठलंही लोखंड शिरता कामा नये. यासाठी खऱ्या केबिनला यंत्रात दाबून चेपवून बघतात. पट्टा बांधला असेल तरच त्या पेटीला अर्थ आहे, कारण न बांधलेला माणूस पेटीत राहत नाही.

खान्देशचा उन्हाळा तर आमच्या हिशेबातला एक स्वतंत्र आकडाच. भुसावळ-जळगावला पारा 45 च्या वर जातो. तेल 80 अंशांच्या पुढे राहू लागलं की पातळ होतं, सील कडक होऊन गळू लागतात. म्हणून रेडिएटर मोठा हवा. पण तो मोठा केला की बॉनेट उंच होतं आणि ऑपरेटरला पुढचं दिसत नाही. त्यात धुराचे नियम. चाकांच्या मशीनना 1 एप्रिल 2021 पासून नवा टप्पा लागू झाला, 1 जानेवारी 2025 पासून त्याच्याही पुढचा. धूर स्वच्छ करणारी पेटी त्याच बॉनेटखाली कोंबायची. थंड युरोपात बसवलेली मांडणी आपल्याकडे चालत नाही, हवेत कपाशीचे तंतू आणि गव्हाचा भुसा उडतो आणि रेडिएटरची जाळी दोन दिवसांत बुजते. फटी रुंद ठेवलेल्या बऱ्या, थंडावा थोडा कमी मिळाला तरी.

हे सगळं मी त्या दिवशी जिभाऊंना सांगितलं नाही. चार वाजता मशीन थांबलं, ऑपरेटर खाली उतरला, ग्रीस गन घेऊन एकेका निपलला, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडाला, लावत निघाला. वरच्या दोन, मधली एक, बकेटच्या दोन. बाजूला एक राहिली. मी विचारलं, "भाऊ, ही?"

"अठे हात जास नही," तो म्हणाला आणि पुढे गेला.

मी वाकून बघितलं. होस पाईपाच्या मागे, दोन पट्ट्यांच्या बेचक्यात निपल होती. कागदावर अगदी योग्य जागी. मी हात घालून पाहिला. मनगटापर्यंत गेला, पुढे गेला नाही, आणि बाहेर काढताना करंगळीचं साल निघालं. जिभाऊ मागे येऊन उभे होते.

"आते हाई कोन ठरायनं?" त्यांनी विचारलं.